वाघ्या निर्दोष आहे

गेले तीन वीकांत इथे काही लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होतं हे एक कारण, पण खरं कारण आमची आत्या. त्यामुळे आजचा लेख इतिहासाचा असला तरी त्याची सुरुवात माण तालुक्यातल्या एका ओसरीवर होते. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तर झालं असं. आत्याला उजव्या बरगडीखाली अधूनमधून दुखायचं. पित्त आहे म्हणून तिने वर्षभर आलं-लिंबू चाटून काढलं. शेवटी मामांनी (आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात) तिला तालुक्याच्या गावी नेऊन सोनोग्राफी करून आणली. रिपोर्टचा मथितार्थ एका ओळीचा: यकृताच्या उजव्या भागात सात सेंटिमीटरची हायडॅटिड सिस्ट. रिपोर्ट देणाऱ्याने वर तोंडी सांगितलं, "मेंढ्यांचा रोग आहे, कुत्र्यापासून होतो. ऑपरेशन लागेल."

रात्री बाबांचा मला फोन आला तोवर घरात तीन प्रश्न उभे राहिले होते.

पहिला प्रश्न आत्याचा. ती माळकरी. पन्नास वर्षांत मटणाचा रस्सा बोटाला लागू दिला नाही. मग मेंढीचा रोग तिच्या पोटात शिरला कसा?

दुसरा बाबांचा. पाण्याचाच फोड आहे ना, मग सुई घालून पाणी काढून टाका की! पोट कशाला फाडायचं?

तिसरा प्रश्न वाघ्याचा. वाघ्या म्हणजे आत्याचा कुत्रा, वय वर्षे तीन. मामा म्हणाले, उद्या घाटाखाली लांब सोडून येतो. धाकटा आत्येभाऊ म्हणाला, सोडून कशाला यायचं, आणि पुढे जे म्हणाला ते इथे लिहीत नाही. आत्या काहीच बोलली नाही म्हणे, नुसती उठून वाघ्याला भाकरी घालायला गेली.

मी इंजिनिअर माणूस, डॉक्टर नव्हे. पण प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आधी लॉग वाचायचे, मग हात लावायचा, एवढं नोकरीने शिकवलंय. म्हणून शनिवार-रविवार आंतरजालावर आणि दोन जाडजूड पुस्तकांत या फोडाचा इतिहास वाचत बसलो. आणि गंमत म्हणजे, आमच्या घरातले तिन्ही प्रश्न माणसाने गेली दोन हजार वर्षं याच क्रमाने विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू.

यकृतात पाणी भरतं हे ग्रीकांना माहीत होतं. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत एक सूत्र आहे: यकृत पाण्याने भरलं आणि ते पोटात फुटलं तर रोगी दगावतो, अशा अर्थाचं. पुढे गेलनने नोंदवलं की कापलेल्या जनावरांच्या यकृतात असे पाण्याचे फुगे बरेचदा दिसतात. म्हणजे लक्षणं नोंदवून झाली होती, पण कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढची चौदाएकशे वर्षं लोक हे फुगे म्हणजे शरीरातला बिघडलेला द्रव, साठलेला कफ, कुजलेली ग्रंथी असलं काहीतरी समजत राहिले.

१६८४ मध्ये फ्रान्चेस्को रेदी या इटालियन माणसाने म्हटलं की हे फुगे स्वतःच प्राणी असावेत. हा तोच रेदी, ज्याने मांसावर जाळी घालून दाखवलं की किडे आपोआप होत नाहीत, माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून होतात. १७६६ मध्ये पीटर सायमन पालास याने पुढचं पाऊल टाकलं. या फुग्यांचं आणि आतड्यातल्या पट्टकृमींचं काहीतरी नातं आहे, असं त्याचं म्हणणं. आणि १७८२ मध्ये गोएत्झे नावाच्या जर्मन पाद्र्याने फुग्यातली बारीक वाळू सूक्ष्मदर्शकाखाली धरली. वाळूचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलंसं डोकं होतं, त्यावर आकड्यांचं कडं. पट्टकृमीच्या डोक्यावर असतं तस्संच.

म्हणजे डोकी सापडली, पण धड कुठे होतं? फोड मेंढीत, गाईत, माणसात सापडतो, पण पूर्ण वाढलेला कृमी त्यांच्यात कधीच सापडत नाही. सत्तर वर्षं हे कोडं तसंच पडून राहिलं. ते सोडवलं कार्ल फॉन सीबोल्ड याने १८५२-५३ च्या सुमारास, आणि सोडवलं अगदी टेस्टरच्या पद्धतीने. खाटकाकडून जनावरांतले फोड आणले, कुत्र्यांच्या पिल्लांना खाऊ घातले आणि काही आठवड्यांनी त्यांची आतडी उघडून पाहिली. आतड्याच्या अस्तरावर पांढरे ठिपके, हजारोंनी! प्रत्येक ठिपका म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा, तीन-चार खंडांचा पूर्ण वाढलेला पट्टकृमी. डोकं मेंढीत, धड कुत्र्यात. १८६३ मध्ये बर्लिनच्या बेर्नहार्ड नाउनीनने हाच प्रयोग माणसातल्या फोडावर केला, आणि माणसातला आणि मेंढीतला फोड एकाच कृमीचा आहे हे ठरलं. कृमीचं नाव इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस.

आता सगळं चक्र बघा. कुत्र्याच्या आतड्यात कृमी. त्याचा शेवटचा खंड अंड्यांनी भरतो, तुटतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. अंडी गवतावर, पाण्यात, मातीत, कुत्र्याच्या केसांवर. मेंढी ते गवत खाते. अंड्यातून निघालेली अळी आतडं भेदून रक्तात शिरते आणि रक्ताच्या प्रवाहात पहिली गाळणी लागते ती यकृताची. म्हणून बहुतेक फोड यकृतात, त्यातून निसटलेले फुप्फुसात, आणि क्वचित मेंदूत, हाडांत, कुठेही. तिथे अळीचा फोड होतो आणि तो वर्षानुवर्षं सावकाश फुगत राहतो. मेंढी कापली जाते, फोड असलेलं यकृत कुणीतरी कुत्र्यापुढे टाकतं आणि चक्र पूर्ण.

यात माणूस कुठे बसतो? मेंढीच्या जागी. आपणही अंडीच गिळतो: न धुतलेल्या हाताने, रानातल्या काकडीने, अंगणात कुत्र्याशी खेळून तसंच घासाला हात लावून. फरक इतकाच की माणसाचं यकृत कुणी कुत्र्याला घालत नाही, म्हणून कृमीच्या दृष्टीने आपण बंद गल्ली. आणि मुख्य म्हणजे, मटण खाऊन हा रोग माणसाला होतच नाही! फोड असलेलं यकृत खाल्लं तर कृमी वाढायला कुत्र्याचं आतडं लागतं, आपलं चालत नाही.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं, बाबांनी आत्याला. तिकडून निरोप आला: "म्हणजे माझी माळ शाबूत." :-) आम्हाला हसू आलं, पण दोन दिवस ती बाई मनात काय घेऊन बसली होती ते तेव्हा कळलं.

आता तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण आत्येभाऊ दर दोन तासांनी फोन करत होता. या प्रश्नासाठी आपल्याला आइसलँडला जायला लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आइसलँडमध्ये माणसं सत्तर हजारांच्या आत, मेंढ्या लाखांनी आणि जवळजवळ प्रत्येक शेतघरात कुत्री. मोठ्या पोटाच्या, खंगत गेलेल्या बायका-माणसांचा एक आजार तिथे घरोघरी ठाऊक होता, त्याला लोक सुल्लावेकी म्हणत. अगदी जुना आजार बरं का. पूर्व आइसलँडमधल्या स्क्रिदुक्लाउस्तुर या सोळाव्या शतकातल्या मठाच्या उत्खननात सांगाड्यांच्या पोटाच्या जागी असे टणक झालेले फोड सापडले आहेत. १८४७-४८ मध्ये श्लाइस्नर नावाचा डॅनिश डॉक्टर बेटावर फिरून आला आणि त्याने या रोगाचं प्रमाण किती भयंकर आहे ते कळवलं. सीबोल्डच्या प्रयोगानंतर डॅनिश सरकारने १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे या शास्त्रज्ञाला तिकडे धाडलं. क्राबेने शंभर कुत्री तपासली. त्यातल्या २८ कुत्र्यांत हा कृमी निघाला.

इथे आपल्यासारख्या माणसाने काय केलं असतं? बहुधा आत्येभावाचाच सल्ला मानला असता. क्राबेने काय केलं, तर एक छोटी पुस्तिका लिहिली. आइसलँडिक भाषेत, साध्या शब्दांत: हा फोड कुठून येतो, कुत्र्याच्या पोटात काय असतं, कापलेल्या जनावरातले फोड कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा जाळा. १८६४ मध्ये ती पुस्तिका फुकट वाटली गेली. आइसलँडमधल्या शेतकऱ्यांना तेव्हाही वाचता येत होतं, हिवाळ्याच्या लांब रात्री घरात मोठ्याने वाचन चालायचं. पुस्तिका वाचली गेली. १८६९ मध्ये कुत्र्यांवर कर आणि नोंदणी आली. १८९० च्या कायद्याने कुत्र्यांना जंताचं औषध देणं आणि फोड नष्ट करणं सक्तीचं केलं. पुढे घरी जनावर कापण्याऐवजी कत्तलखाने आले.

निकाल लगेच दिसला नाही. दिसणारही नव्हता, कारण फोड वाढायला वर्षं लागतात. जुन्या पिढीचे फोड पुढची पन्नास-साठ वर्षं फुटत राहिले. विसाव्या शतकातल्या शवविच्छेदनांत मात्र चित्र लख्ख दिसलं: म्हाताऱ्या माणसांत फोड सापडत, पुस्तिका आणि कायद्यांनंतर जन्मलेल्यांत जवळजवळ नाहीच. १९७९ नंतर तिथल्या मेंढ्यांतही तो सापडलेला नाही. औषध नव्हतं, लस नव्हती, सोनोग्राफी नव्हती. एक पुस्तिका, एक कायदा आणि शंभर वर्षांचा धीर.

रेक्याविक शहराने मात्र १९२४ मध्ये कुत्री पाळण्यावरच बंदी घातली. ती १९८४ मध्ये परवान्याच्या अटीवर शिथिल झाली. म्हणजे साठ वर्षं एका राजधानीत कुत्रं पाळता येत नव्हतं! पण गावाकडे, जिथे खरा रोग होता, तिथे कुत्री राहिली आणि रोग गेला. कारण रोग मोडला तो कुत्र्यापुढे यकृत टाकणारा हात थांबवून.

पुढे न्यूझीलंड, टास्मानिया, सायप्रस यांनी हाच कित्ता गिरवला. टास्मानियाने १९९६ मध्ये आणि न्यूझीलंडने २००२ मध्ये आपण या रोगापासून मुक्त झाल्याचं तात्पुरतं म्हणून जाहीर केलं. कुत्र्यांसाठी प्राझिक्वांटेल नावाची नेमकी गोळी १९७० च्या दशकात आली. ती दर सहा आठवड्यांनी दिली तर कुत्र्यातला कृमी अंडी घालण्याच्या वयाला पोचतच नाही. मेंढ्यांसाठी ईजी-९५ नावाची लसही १९९६ मध्ये मेलबर्नच्या मार्शल लाइटोलर्स यांच्या चमूने तयार केली. चक्र कुठूनही तोडता येतं, एवढंच सांगायचं आहे.

आता बाबांचा प्रश्न. सुई घालून पाणी का काढत नाहीत? हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. त्याच्या उत्तराला दीडशे वर्षं लागली, आणि शेवटी उत्तर उलटं निघालं.

१८२५ च्या सुमारास रेकामिये नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एक अघोरी वाटणारी पण हुशार युक्ती काढली. फोड उघडला आणि पाणी पोटात सांडलं तर माणूस मरतो हे अनुभवाने ठाऊक होतं. मग त्याने पोटाच्या कातडीवर दाहक क्षार लावून, दिवसेंदिवस थोडं थोडं जाळत आत जायचं ठरवलं. जळण्यामुळे यकृत पोटाच्या भिंतीला चिकटतं. मग फोड उघडला तरी पाणी आत न सांडता बाहेर येतं. भूल नाही, जंतुनाशकं नाहीत, आणि आठवडेच्या आठवडे ही शिक्षा. आइसलँडमध्ये योन फिन्सेन या डॉक्टरने या पद्धतीने अनेकांवर उपचार केले. तिथल्या शेतकरणींनी हे सोसलं कसं असेल ही कल्पनाच करवत नाही.

पाणी सांडलं की माणूस का मरतो, याची दोन उत्तरं विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाली. एक म्हणजे फेलिक्स देवे या फ्रेंच संशोधकाने १९०१ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं की सांडलेल्या पाण्यातला वाळूचा एकेक कण, म्हणजे ती इवली डोकी, पोटात रुजतात आणि प्रत्येकाचा नवा फोड होऊ शकतो. म्हणजे एक फोड फोडायला जावं आणि शंभर पेरून यावं. दुसरं, १९०२ मध्ये पोर्तिये आणि रिशे यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे काय ते सांगितलं. शरीराला ज्या परक्या प्रथिनाची ओळख होऊन वावडं झालंय ते एकदम रक्तात गेलं तर रक्तदाब कोसळतो, श्वासनळ्या आवळतात आणि माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. फोडातलं पाणी असल्याच प्रथिनांनी भरलेलं. (रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं.)

झालं! नियम ठरला: हायडॅटिड सिस्टला सुई लावायची नाही. कधीच नाही. पुढची ऐंशी वर्षं प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे वाक्य छापलं गेलं आणि प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने ते परीक्षेत लिहिलं. आमच्याकडेही कोडमध्ये अशा ओळी असतात. वर कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, याला हात लावू नये. लिहिणारा कधीच सोडून गेलेला असतो, कारण खरंही असतं, पण ते अजून लागू आहे का हे कोणी तपासत नाही.

नियम असला तरी निदान करायचं कसं? १९११ मध्ये टोमासो कासोनीने एक चाचणी काढली. मेंढीच्या फोडातलं पाणी गाळून थेंबभर कातडीत टोचायचं, चट्टा उठला तर रोग आहे. साठ-सत्तर वर्षं ही चाचणी वापरात होती. पण ती खोटे होकारही बरेच द्यायची आणि खोटे नकारही. बाकी हात लावून बघणं, आणि फोड जुना होऊन त्यावर कॅल्शियमचं कवच चढलं असेल तर क्ष-किरणात दिसणारी गोल कड. म्हणजे बरेचदा सर्जनला पोट उघडल्यावरच कळायचं की आत काय वाढून ठेवलंय.

ऑपरेशनही सोपं नव्हतं. फोड कापण्याआधी आतली डोकी मारायला त्यात फॉर्मालिन भरायचे. काही फोडांचं पित्तनलिकेशी भगदाड असतं हे आधी कळायचं नाही. फॉर्मालिन तिथून नलिकांत जायचं आणि त्या कायमच्या आकसून जायच्या. फोड गेला पण यकृत गेलं, असं व्हायचं. ते औषध पुढे या कामातून बाद झालं.

चित्र बदललं ते ट्युनिशियात. तिथे मेंढ्या, कुत्री आणि हा रोग तिन्ही भरपूर. हसन घर्बी आणि सहकाऱ्यांनी रोग्यांची यकृतं सोनोग्राफीवर पाहून १९८१ मध्ये फोडांचे पाच प्रकार मांडले. ही वर्गवारी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, कारण तिने आत्याच्या रिपोर्टमधली चूक दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने पुढे तीच सुधारून २००३ मध्ये सीई-१ ते सीई-५ अशा पायऱ्या ठरवल्या. सीई-१ म्हणजे नुसता पाण्याचा फुगा, दुहेरी भिंतीचा. सीई-२ म्हणजे आत पिल्लू-फोड, मधाच्या पोळ्यासारखे. सीई-३ मध्ये फोड खचायला लागतो, आतला पापुद्रा सुटून पाण्यावर कमळाच्या पानासारखा तरंगतो. सीई-४ मध्ये पाणी आटून आत लोकरीच्या गुंड्यासारखा गोळा. सीई-५ मध्ये वर चुन्याचं कवच. पहिल्या दोन पायऱ्यांत किडा जिवंत आणि जोमात. शेवटच्या दोन पायऱ्यांत तो बहुतेक मेलेला किंवा निपचित. म्हणजे कित्येक फोड स्वतःहून, कोणी काही न करता, म्हातारे होऊन मरतात!

'हायडॅटिड सिस्ट, सात सेंटिमीटर' एवढं लिहून भागत नाही ते यासाठी. एरर आला एवढं सांगून काय उपयोग, एरर कोड सांगा की!

मग १९८६ मध्ये ट्युनिशियातल्याच बेन अमोर, घर्बी वगैरे मंडळींनी तो जुना नियम तपासायला घेतला. आधी मेंढ्यांवर, मग माणसांवर. सोनोग्राफीत सुईचं टोक दिसतं. ते यकृताच्या जाड मांसातून नेलं, थेट पोटाच्या पोकळीतून नाही, तर गळती यकृतच थोपवतं. सुई घाला, पाणी ओढा, त्यात पित्त नाही ना बघा, खारट द्राव किंवा अल्कोहोल भरून डोकी मारा, परत ओढून घ्या. पंक्चर, अ‍ॅस्पिरेशन, इंजेक्शन, री-अ‍ॅस्पिरेशन या चार पायऱ्यांची आद्याक्षरं घेऊन नाव पडलं पेअर. जोडीला अल्बेंडाझोल. ही गोळी आधी जनावरांच्या जंतांसाठी आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या फोडांवर वापरली जाऊ लागली. सुईआधी आणि सुईनंतर ती चालू ठेवली की सांडलेली डोकी रुजण्याची शक्यता घटते. (ती तुपा-तेलाच्या जेवणासोबत घ्यायची असते, तरच रक्तात नीट उतरते.)

जुन्या सर्जन मंडळींनी यावर टीका केली, आणि ती वाजवी होती. थोड्या रोग्यांवर जमलं म्हणजे नियम खोटा ठरत नाही. ऑपरेशन बरं की सुई, हे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्याशिवाय ठरणार कसं? ती तुलना झाली आपल्याकडे, श्रीनगरमध्ये. शेर-ए-काश्मीर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि सहकाऱ्यांनी ५० रोगी घेतले. २५ जणांना सुई आणि अल्बेंडाझोल, २५ जणांचं ऑपरेशन. सुईवाल्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ४.२ दिवस, ऑपरेशनवाल्यांचा १२.७. गुंतागुंत सुईवाल्यांत ३२ टक्के, ऑपरेशनवाल्यांत ८४ टक्के. गुण दोन्हीकडे तोडीस तोड. १९९७ मध्ये हा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. काश्मीरमधलं ते दशक कसं होतं ते आठवा, मग त्या ५० रोग्यांचा वर्षभर पाठपुरावा करणं म्हणजे काय याचा अंदाज येईल. (हेच खुरू, ज्यांनी १९७८ च्या काश्मीरमधल्या काविळीच्या साथीवरून हेपॅटायटिस ई हा वेगळा आजार असल्याचं ओळखलं होतं. या माणसावर एक वेगळा लेख उधार राहिला.)

आणि ते अ‍ॅनाफिलॅक्सिस? ते खोटं नव्हतं. २०११ मध्ये जगभर केलेल्या जवळजवळ ५९०० पंक्चर-उपचारांचा विदा एकत्र केला गेला. अ‍ॅनाफिलॅक्सिसने मृत्यू दोन. म्हणजे धोका आहे, म्हणूनच हे काम औषधं आणि भूलतज्ज्ञ हाताशी ठेवूनच करतात. पण 'कधीच नाही' हे उत्तर राहिलं नाही.

आज उत्तर पायरी बघून ठरतं. २०१० मध्ये तज्ज्ञांनी मांडलेली दिशा थोडक्यात अशी: लहान, साधे फोड नुसत्या गोळ्यांनी, मध्यम, पाण्याचे असतील तर सुई, मोठे, पिल्लू-फोडांनी भरलेले, फुटायच्या बेतात असलेले किंवा पित्तनलिकेत उघडलेले असतील तर ऑपरेशन, आणि सीई-४, सीई-५ असून त्रास नसेल तर काहीही करायचं नाही. नुसतं लक्ष ठेवायचं. चौथा पर्याय घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड, हे मी स्वानुभवाने सांगतो.

तर परत माणला येऊ. आत्याला पुण्याला आणलं. दुसरी सोनोग्राफी झाली. रेडिऑलॉजिस्ट बाईंनी पडदा वळवून मला दाखवलं: लोकरीचा गुंडा आणि कडेने पांढरी चुन्याची रेघ. सीई-४, पाचकडे झुकलेला. "हा फार जुना आहे. बहुतेक मेलेला. याला छेडू नका, सहा महिन्यांनी परत बघू." मग दुखत काय होतं? त्यांनी सुई... आपलं, प्रोब जरा खाली सरकवला. पित्ताशयात दोन खडे.

आत्या कॉटवरून म्हणाली, "मी वर्षभर सांगतेय पित्त आहे, पित्त आहे." :-) खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, आत्या तिसऱ्या दिवशी घरी.

आणि वाघ्या? त्याचा खटला मी गाडीतच चालवला. फोडाला या अवस्थेला यायला कित्येक वर्षं लागतात. आत्या लहान असताना आजोबांच्या रानात दरवर्षी मेंढ्या बसवायचे, सोबत कुत्री असायची, जत्रेला गावात बकरी कापली जायची आणि कोथळा ओढ्याकाठी टाकला जायचा. ती अंडी कुठल्या कुत्र्याची, कुठल्या वर्षाची, कुणाला सांगता येणार? आत्येभावाला म्हटलं, तुझं आमच्या मॅनेजरसारखं झालंय. बग तीस वर्षांपूर्वीचा, आणि तू पकडतोयस काल कोड टाकलेल्या पोराला. वाघ्या तीन वर्षांचा आहे रे. तो आत्याच्या फोडाच्या आधी जन्माला तरी यायला हवा होता ना!

तो हसला, पण मग मामा गंभीरपणे म्हणाले, "मग गेल्या जत्रेचा कोथळा कुणी टाकला?" गाडीत कोणी काही बोललं नाही. टाकला होता आम्हीच. आदल्या वर्षी मीही तिथे होतो, पातेलं धरून. वाघ्या शेपूट हलवत पुढे उभा होता आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटत होतं.

गेल्या रविवारी गावी जाऊन आलो. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून प्राझिक्वांटेल आणलं होतं. आत्याने ती गोळी गूळ-तुपाच्या भाकरीत लपवून वाघ्याला चारली, पुढच्या तारखा कालनिर्णयवर लाल पेनने खुणा करून ठेवल्या. मामांनी गोठ्यामागे कमरेएवढा खड्डा खणून ठेवलाय, पुढच्या जत्रेसाठी. आत्येभाऊ शेजारच्या तीन घरी जाऊन सांगून आला म्हणे, कापलं की यकृत-फुप्फुस बघायचं, फोड दिसला की पुरायचं, कुत्र्याला घालायचं नाही. क्राबेची पुस्तिका दीडशे वर्षांनी माणच्या एका वस्तीवर पोचली, तोंडी का होईना.

निघताना वाघ्या गाडीमागे पार रस्त्यापर्यंत पळत आला. आत्या ओट्यावरून ओरडली, "हात धू रे त्याला चोळल्यावर!"

धुतले.

असो. वैद्यकीय तपशिलात चूकभूल द्यावी घ्यावी, आणि कुणाच्या घरी असा रिपोर्ट आला असेल तर या लेखावर विसंबू नका, तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: फोड कुठल्या पायरीचा आहे?

तूर्तास इतकेच.